दसऱ्याची दौत

दौत उघडत नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा ती घेऊन ओट्याशी बसले आहे. ओलं फडकं गुंडाळून पिळलं, कोरडं गुंडाळून पिळलं. दाराच्या फटीत झाकण दाबून बाटली फिरवली, तर दाराचा रंग निघाला, झाकण जागचं हललं नाही. चहाचं आधण उरलं होतं, ते चमच्याचमच्यानं झाकणावर सोडलं. आमचे हे बिचारे पक्कड घेऊन आले, तर त्यांना मी स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. पक्कड लावून उघडायची असती तर मला काय हात नव्हते?

मुठीत मावेल एवढी चौकोनी काचेची दौत आहे. आत निळी-काळी शाई. अर्धीअधिक आटून गेली असावी, कारण दौत तिरपी केली की आतलं जे काही आहे ते काकवीसारखं आळसावून सरकतं. बाजूला पिवळं पडलेलं लेबल, त्यावर माझ्या बाबांच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला, ‘दसरा’. त्या अक्षराला पाणी लागू नये म्हणून माझा जीव अर्धा झाला आहे. झाकणाशी भांडायचं आणि लेबलाला जपायचं, ही दोन्ही कामं एका हाताला जमत नाहीत.

ही दौत मला परवा मालूनं दिली. मालू म्हणजे माझी आतेबहीण. मी अकोल्याला, ती अमरावतीला. तिच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण असतं, दरवर्षी बोलावते, दरवर्षी मी गुडघ्याचं कारण सांगून टाळते. यंदा ह्यांनी मला न विचारता दोन तिकिटं काढून ठेवली. बडनेऱ्याला उतरलो, ऑटो केला, आणि तिच्या दारात पोचलो तर आंबिलीचा आणि सोळा भाज्यांचा वास रस्त्यापर्यंत आलेला. दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावलं काढलेली होती. ती सुनेनं काढली होती, जरा फेंगडी. मालूसारखी मालू घरात असताना पावलं सुनेनं काढायची? मी मनात म्हटलं, मिरवते आता सासूपण, हात न हलवता.

आणि तिच्या त्या शोकेसमध्ये माझ्या बाबांचा चष्मा होता, त्यांचा पेन होता, त्यांचा काळा लाकडी रूळ होता. माझ्या बापाचा चष्मा, आणि शोकेस हिची! बाबा शेवटची आठ वर्षं तिच्याच घरी जेवले. दोन गल्ल्या सोडून राहत होते, तिनं जेवू घातलं, औषधं दिली, आणि पाच वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा उशाशीही तीच होती. मी अकोल्याहून गाडी पकडून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कोणी करायचं होतं हे सगळं, मी का? मी तर इथे होते. हे मला समजतं. पण समजून काय होतं, मी जळते. मालूवर मी जळते, दहा वर्षांची होते तेव्हापासून जळते, आणि साठीला आले तरी त्यात काही फरक पडलेला नाही. सांगून टाकलेलं बरं.

निघताना ती आतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. दोन्ही हातांनी धरून, देवाचा प्रसाद आणावा तसं. माझ्या ओटीत ठेवलं आणि म्हणाली, "ही तुही आहे. नेजो." मला तिचा तो दोन्ही हातांचा थाटही सहन झाला नाही. गाडीत बसल्यावर रुमाल सोडला, आणि बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दौत मी ओळखली होती. तिचं झाकण का उघडत नाही हे जगात फक्त मला ठाऊक होतं, निदान आज दुपारपर्यंत मी तसं समजत होते.

मालू आमच्याकडे आली ती बाळापूरहून. पाचवीत होतो आम्ही दोघी. ती का आली, किती दिवसांसाठी आली, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एका दुपारी शाळेतून आले तर ओसरीवर पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर एक पोरगी बसलेली होती, पाय जुळवून. तेल लावून घट्ट घातलेली एक वेणी. हातात एक वही, ती कोणी हिसकावील म्हणून पोटाशी धरलेली.

बाबांनी ती वही मागितली. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे आणि अख्ख्या अमरावतीत त्यांच्या अक्षराचं नाव होतं. वही घेऊन ते दाराशी उजेडात गेले. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग मागं जाऊन पुन्हा पहिलं पाहिलं. आणि म्हणाले, "वा." एवढंच. मी त्यांची स्वतःची पोरगी, पाटीपासून त्यांच्याच हाताखाली गिरवत आले होते. माझ्या वहीवर त्यांनी आजवर ‘ठीक’ लिहिलं होतं. ‘ठीक’ लिहून पुढे पूर्णविराम द्यायलाही ते विसरायचे नाहीत.

त्या ‘वा’चा आवाज अजून माझ्या कानात आहे. इतर किती आवाज विसरले मी, आईचासुद्धा नीट आठवत नाही आता.

आमच्या घरात मानपत्रं लिहिली जायची. गुरुजी निवृत्त झाले, डॉक्टरांचा सत्कार आहे, कोण्या गावचे पाटील पंच्याहत्तर वर्षांचे झाले, की लोक मजकूर घेऊन बाबांकडे यायचे. जाड पांढरा कागद जमिनीवर पाटावर पसरायचा. त्यावर आधी पेन्सिलीनं रेघा. रूळ म्हणजे लाटण्यासारखा गोल दांडका, तो कागदावर एकेक बोट पुढे लोटत न्यायचा आणि कडेनं रेघ ओढायची. मग मथळा बोरूनं, खालचा मजकूर पेननं. पेनची निब बाबांनी पाट्यावर घासून तिरपी केलेली होती, उभी रेघ जाड यायची, आडवी बारीक. शाई वाळायला एक अख्खा दिवस. आणि दुसऱ्या दिवशी खोडरबरानं सगळ्या रेघा पुसून टाकायच्या आणि चुरा मऊ फडक्यानं झटकायचा.

मालू यायच्या आधी बाबा हे सगळं एकटे करायचे. ती आली आणि दिवाळीनंतर कामं वाटली गेली. पेन भरणं मालूकडे, मजकुराच्या शेवटच्या ओळी लिहिणं मालूकडे. रेघा मारणं माझ्याकडे, आणि पुसणंही माझ्याकडे.

तुम्हीच सांगा, काय वाटेल? तासभर श्वास रोखून रूळ लोटायचा, आणि बाबा मागून म्हणणार, "बाई, दाबू नको. पुसायच्या आहेत त्या." मानपत्र चौकटीत बसून कोणाच्या बैठकीत लागणार, लोक म्हणणार काय सुरेख अक्षर आहे, ओळी कशा सरळ आल्या आहेत. ओळी सरळ का आल्या ते कोणाला दिसणार? मी मारलेली एकही रेघ शिल्लक राहू द्यायची नाही, असाच त्या घराचा नियम होता.

उन्हाळ्यात खिडकीला खसाचा म्हणजे वाळ्याचा पडदा लावून आई त्यावर तांब्यानं पाणी मारायची. त्या ओल्या वासात आम्ही तिघं कागदाभोवती बसायचो. घाम कागदावर पडू नये म्हणून मालू मनगटाखाली टीपकागद ठेवायची. तिची मान वाकलेली, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. ‘ळ’ काढताना ती क्षणभर थांबायची, मग एकदम वळण घ्यायची. पावसाळ्यात कागद दमट व्हायचा आणि शाई फुटायची, म्हणून लिहायच्या आधी बाबा कागद शेगडीवर हातभर उंच धरून फिरवायचे, पापड भाजल्यासारखा. कागद गरम झाला की त्याला भाकरीसारखा वास यायचा. हिवाळ्यात अंगणात उन्हाला बसायचो, वरूडकडची संत्री यायची, सालींचा तिखट फवारा डोळ्यांत जायचा, आणि बाबा ओरडायचे, आधी हात धुवा. मालू हात धुऊन यायची. मीही यायचे, पण माझ्या हातात तर रूळच द्यायचा होता, मग धुतले काय आणि न धुतले काय!

शाळेतही तेच. मालूचं अक्षर फळ्यावर, मालूचा सुविचार. लोक मला विचारायचे, तू त्या सुरेख अक्षरवालीची बहीण ना? माझ्याच बापाच्या गावात.

पण सगळ्यांत वाईट दिवस दसऱ्याचा. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रं म्हणून पेन, बोरू, रूळ आणि शाईची नवी दौत पूजेला ठेवायची. एरवी शाईच्या गोळ्या पाण्यात विरघळवून काम चालायचं, बाटलीतली शाई वर्षातून एकदाच यायची आणि ती मानपत्रांपुरती राखून ठेवायची. पूजा झाली, आपट्याची पानं वाहून झाली, की बाबा त्या वर्षी ज्याचं अक्षर सुधारलं असेल त्याच्या हातात ती दौत द्यायचे. त्यानं झाकण उघडायचं, पेन भरायचा, आणि कोऱ्या कागदावर ‘श्री’ लिहून खाली घरातल्या सगळ्यांची नावं लिहायची. तो कागद वर्षभर देव्हाऱ्याखाली राहायचा. मालू आल्यावर पहिल्या दसऱ्याला तिनंच उघडली. दुसऱ्या दसऱ्यालाही. नावं लिहिताना ती माझं नाव सगळ्यात वर लिहायची. मला त्याचाही राग यायचा. हिनं वर लिहिलं म्हणून मी वर, नाहीतर नाही?

तिसऱ्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे झोपले होते. कोनाड्यात नवी दौत होती. नव्या दौतीच्या झाकणावर कागदाची पट्टी असायची. मी ती बोटानं ओली करून अलगद उचलली, झाकण काढलं, आणि बाबांनी पाकिटं चिकटवायला वाटीत भिजत घातलेला बाभळीचा डिंक आगपेटीच्या काडीनं आट्यांमध्ये भरला. चांगला भरला. झाकण पिळून बसवलं, वरची पट्टी पुन्हा चिकटवली. घरामागच्या बाभळीचा डिंक काढायला आम्ही दोघीच जायचो, मीच म्हणायचे हा घट्ट आहे, हा पातळ आहे. तेव्हा सर्वात घट्ट डिंक कोणता हे मला पक्कं माहीत होतं. मनात एकच होतं, हिच्या हातून उघडू नये. पुढचं काही ठरवलं नव्हतं. तेराव्या वर्षी एवढंच सुचतं.

दसऱ्याच्या सकाळी आई पुरणात गुंतली होती म्हणून वेणी घालायला मला मालूकडे बसवलं. ती केसांना पाणी लावून लावून विंचरत होती आणि मी ओरडत होते, मुद्दाम ओढते ही, मुद्दाम. ती विंचरतच राहिली. झेंडूचा वास, पुरणाचा वास, आणि माझे ओले केस पाठीला चिकटलेले, हे मला अगदी आजच्यासारखं आठवतं.

पूजा झाली. बाबांनी दौत मालूच्या हातात दिली. तिनं पट्टी काढली, झाकण पिळलं. पुन्हा पिळलं. पदराचं टोक लावून पिळलं, आईनं दिलं होतं ते. तिचे कान लाल झाले. मग बाबांनी हातात घेतली. त्यांनीही पिळली, आणि मग थांबले. झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला. मी निरांजनाची वात सारखी करायला घेतली. पण ते एवढंच म्हणाले, यंदा दौतीच्या मनात नाही, आणि ती त्यांनी कपाटावर ठेवून दिली. त्या वर्षी नावांचा कागद लिहिलाच गेला नाही. आम्ही आपट्याची पानं घेऊन सोनं वाटायला गेलो, आणि मी इतकी हसले त्या दिवशी की घशाला कोरड पडली.

त्यानंतर काय झालं, कसं झालं, मी कधी विचारलं नाही. दसऱ्यानंतर चारसहा दिवसांनी बाबांनी पाट मांडला, कागद पसरला, आणि हाक मारली, "बाई, पेन घे." मला वाटलं, मालूला मारली. मी रूळ उचलला. ते म्हणाले, "तो नाही. तो मालूला दे."

ते वर्ष!

त्या वर्षाबद्दल मी आजवर कोणाला सांगितलं नाही. कोणाला सांगितलं तर त्यातलं थोडं कमी होईल, अशी मला भीती वाटत आली. अख्खं वर्ष मी बाबांच्या उजव्या हाताला बसले. दौत तर कपाटावर, म्हणून मानपत्रंही गोळ्यांच्याच शाईनं. दोन गोळ्या कोमट पाण्यात टाकायच्या, निळे ढग खाली उतरत जायचे, मग मलमलीच्या तुकड्यातून गाळायचं. माझी बोटं वर्षभर निळी होती. शाळेत मी ती मुद्दाम बाकावर पसरून ठेवायचे. बाबांच्या अंगाला सुपारीचा आणि खडूचा वास यायचा, तो मला तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून आला. माझा ‘ळ’ वळेना तेव्हा त्यांनी माझी मूठ आपल्या मुठीत घेतली आणि न बोलता एक अख्खी ओळ नुसते ‘ळ’ काढले. त्यांचा हात खरबरीत होता आणि गरम होता. बडनेऱ्याच्या एका रेल्वे गार्डचं मानपत्र होतं, त्यांचं नाव मी लिहिलं, मथळ्याच्या खाली, ठळक. ते घ्यायला आले तेव्हा टोपी काढून उभ्या उभ्या त्यांनी आपलं नाव मोठ्यानं वाचलं, आणि विचारलं, कोणी लिहिलं? बाबा म्हणाले, "माझ्या लेकीनं." माझी लेक म्हणाले ते, परक्या माणसासमोर.

त्या वर्षी रेघा मालू मारायची आणि मालूच पुसायची. कशी मारायची, काय करायची, मला काही आठवत नाही. मी तिच्याकडे वर्षभर पाहिलंच नाही.

पुढच्या दसऱ्याला बाबांनी नवी दौत आणली आणि ती मालूच्या हातात दिली. झाकण सहज उघडलं. रूळ पुन्हा माझ्याकडे आला. मी तेव्हा काही बोलले नाही, दोनच वर्षांत कागद-पेनाच्या वाटेला जाणंही सोडलं, पुढे लग्न झालं, अकोल्याला आले. पण एक वर्ष माझं होतं. मालूची सगळी सुरेख अक्षरं, शोकेस, चष्मा, शेवटची आठ वर्षं, सगळं तिच्या पारड्यात घातलं तरी माझ्याकडे ते एक वर्ष होतं, मी मिळवलेलं. बाबांनी आपणहून मला बोलावलं होतं. इतकी वर्षं मी त्याच्यावर काढली.

तर दौत. आज दुपारी शेवटी हरले आणि मालूला फोन लावला. तिला फोन लावणं माझ्या जिवावर येतं, पण तिला अशा गोष्टी येतात. मी म्हटलं, "शाई सुकून झाकण गच्च बसलं व. उघडूनच नाही राहिलं."

"ओढून काय होते?" ती म्हणाली. "वाटीत साधं पाणी घे अन् उलटी उभी कर. नुसतं झाकण बुडलं पायजे, मामाचं अक्षर कोरडं राहील. संध्याकाळपर्यंत हातच नको लावू. डिंक सुटते पाण्यानं."

मी डिंकाचं नाव काढलं नव्हतं. आजच नाही, कधीच काढलं नव्हतं, कोणाजवळच.

"कोणता डिंक?" मी विचारलं.

"बाभळीचा. आणखी कोणता?"

"तुले कसं माहीत?"

"तुह्या वेणीले लागला होता. दसऱ्याच्या सकाळी मीच तर काढला, पाणी लावून लावून." ती हसली जराशी. "तू केवढी बोंबलत होती."

मग तिनं सगळं सांगितलं. घाईनं नाही, पोथी वाचावी तसं. त्या दिवशी सोनं वाटून आल्यावर, मी अजून शेजारीच हसत-खिदळत होते तेव्हा, बाबांनी तिला एकटीला बोलावलं आणि विचारलं, हे कोणाचं काम? आणि ती म्हणाली, माझं. बाबांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मग बाबा आढ्याकडे पाहत म्हणाले, ठीक आहे, पुढच्या दसऱ्यापर्यंत तू पेनाला हात लावायचा नाही.

माझ्या हातातला फोन गरम झाला होता. ओट्याला टेकून मी उभी होते.

"कावून?" मी म्हटलं. "कावून घेतलं व तुनं आपल्या अंगावर? मी सांगतलं होतं का तुले?"

ती म्हणाली, "तुह्यासाठी नाही घेतलं. खरं सांगू? मले वाटलं, एवढं मोठं वाईट केलं म्हटल्यावर मामा मले पाठवून देतील. बाळापूरले. आईजवळ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुही वेणी रोज तुही आई घाले," मालू म्हणाली. "मी पाहात राहो. त्या एका दिवशी मले घालायले मिळाली, अन् त्यात डिंक निघाला. मले वाटलं, हे बरं झालं. पण मामानं पाठवलंच नाही ना. नुसतं पेन घेतलं."

मी विचारलं, बाबांना खरं कळलं होतं का. ती म्हणाली, "काय माहीत बापा. मले कधी बोलले नाही. पण जायच्या आधी कपाटाकडं बोट दाखवून म्हणाले, ती दौत बाईले देजो, तिची आहे. तवाच्या रडारडीत राहून गेलं, अन् मग तूच येऊन नव्हती राहिली, देऊ कशी?"

फोन ठेवला. वाटीत पाणी घेतलं, दौत उलटी उभी केली. आणि मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

माझं ते एक वर्ष म्हणजे मालूची शिक्षा होती. बाबांनी मला निवडलं नव्हतं, तिच्याकडून काढून घेतलं ते ठेवायला कोणीतरी हवं होतं. मी तिच्यावर किती चिडले म्हणून सांगू! माझा गुन्हासुद्धा हिनं माझ्याजवळ राहू दिला नाही. बाबा रागावले असते तर माझ्यावर रागावले असते, तो राग माझा होता, तोही हिनंच घेतला. असं बराच वेळ चाललं डोक्यात. आणि त्यातच मला ती दिसायला लागली, त्या वर्षातली, जिच्याकडे मी पाहिलंच नव्हतं. रूळ लोटणारी, पेन्सिल न दाबणारी, चुरा झटकणारी. बाळापूरला जाऊ न दिलेली. मी निळी बोटं नाचवत होते तेव्हा ती दहा हातांवर बसून माझ्या आईला माझी वेणी घालताना पाहत होती. तीही जळत होती तर. मला हे पन्नास वर्षांत एकदाही सुचलं नाही. जळण्याचा हक्क माझा एकटीचा आहे, असंच मी धरून चालले होते.

आणि बाबांनी अंगठा नाकाशी नेला होता. बाभळीचा डिंक वाटीत भिजत घालणारा माणूस तो. त्यांना कळलं असेल. कळूनही त्यांनी माझी मूठ हातात घेतली असेल, आणि गार्डसमोर माझी लेक म्हटलं असेल. की नसेल कळलं. आता विचारायला कोण आहे?

साडेपाचला मी दौत पाण्यातून काढली. पुसली. लेबल कोरडं होतं. झाकणाला हात लावला आणि नुसतं सहज फिरवून पाहिलं, तर ते किरकिरलं आणि केसभर सरकलं. अजून एक पीळ दिला असता तर उघडली असती. आतला वाससुद्धा आला मला, किंवा आल्यासारखा वाटला, तो लोखंडी, थंड वास.

मी हात काढून घेतला. आणि पुन्हा मालूला फोन लावला.

म्हटलं, "दसऱ्याले अकोल्याले येजो. दौत सुटली, पण मी उघडली नाही. त्या वर्षी उघडायचा मान तुहा होता. उघड, अन् ‘श्री’ लिहून नावं लिही."

"नावं कोणाची?" ती म्हणाली. "दोघीच तर राहिलो त्या घरातल्या."

"मग दोन लिही."

ती म्हणाली, "येतो मी. पण माह्याच्यानं आता लिहवत नाही व. हात कापते. दोन वर्षं झाले. रांगोळीची चिमूट धरवत नाही, कपबशी दोन हातांनी धरतो. अक्षर गेलं माहं."

सुनेनं काढलेली फेंगडी पावलं. दोन्ही हातांनी धरलेला रुमाल. अगं बाई, आणि मी काय काय म्हटलं होतं मनात.

हिचं अक्षर मोडावं, असं मी किती वेळा म्हटलं असेल. आपट्याची पानं वाहताना म्हटलं आहे, मानपत्राच्या कागदाशी बसून म्हटलं आहे, लग्नानंतर तिच्या पत्रावरचा पत्ता पाहूनसुद्धा म्हटलं आहे. आज ते झालं होतं, आणि मला वाईट वाटलं, फार वाईट. त्या अक्षरासारखं अक्षर पुन्हा कोणाचं मी पाहिलं नाही. ‘ळ’च्या आधी ती जी थांबायची, ते थांबणं मला अजून पाठ आहे.

"वाकडं लिही," मी म्हटलं. "वाकडं तर वाकडं. पाहायले कोण येऊन राहिलं? रेघा मी मारून ठेवते. अन् सांगून ठेवते मालू, यंदा पुसायच्या नाहीत."

ती बरं म्हणाली.

दसऱ्याला अजून महिना आहे. पण मी आत्ताच नातवाच्या चित्रकलेच्या वहीतला एक जाड कागद काढला. रूळ मालूच्या शोकेसमध्ये आहे, म्हणून स्टीलची पट्टीच घेतली. चष्मा लावला, कागद ओट्यावर सरळ केला, आणि पेन्सिल चांगली दाबून पहिली रेघ मारली.